एका शेअरचा मालक

भाऊ गेल्याची बातमी मला भाऊच्याच मोटारीने आणली. चांद्याच्या आमच्या शाळेत मी मुलींना भूगोल शिकवत होते. आमच्या मूल गावाहून आलेल्या गाडीचा कंडक्टर खांद्यावरची चामडी पिशवी न काढताच व्हरांड्यात येऊन उभा राहिला आणि मला खूण करून बाहेर बोलावलं. "बाई, मारोतभाऊ गेले… पहाटे छातीत कळ आली, अन् मंग उठलेच नाई." मग म्हणाला, "गाडी थांबवून ठेवली आहे तुमच्यासाठी. पॅसेंजरले सांगतलं, कोणी काही बोललं नाई." मारोतभाऊ माझा सख्खा थोरला भाऊ. त्याच गाडीने मी मूलला गेले. चांद्याच्या बाहेर पडल्यावर जंगल लागतं, मग जंगल विरळ होऊन धानाच्या बांध्या सुरू होतात. धान निसवायला आलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, सगळीकडे तो कोवळा हिरवा वास होता, आणि मी एका अशा गाडीत बसले होते जिचा सागवानी सांगाडा भाऊने सुताराच्या डोक्याशी उभं राहून करून घेतला होता. गाडीच्या दारावर कंपनीचं नाव रंगवलेलं आहे आणि नावापुढे 'लिमिटेड' असा शब्द आहे. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

घरी पोचले तेव्हा सगळी व्यवस्था झालेली होती. ती आमच्या वकील भाऊजींनी केली होती. माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, ते यजमान. बांबू, मडकं, लाकडं, ब्राह्मण, कशाला म्हणून कमी नव्हतं. माणसं म्हणत होती, जावई असावा तर असा. यमुनावहिनी भिंतीला टेकून बसली होती, तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली… तिला रडायचं होतं, पण त्या गृहस्थासमोर रडायचं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

पुढे आठवड्याभराने राइस मिलच्या आवारात शोकसभा झाली. मिलचे मालक शेटजी अध्यक्ष होते आणि मुख्य भाषण वकील भाऊजींचं होतं. भाऊ कंपनीचा आधारस्तंभ होता, चांदा ते गडचिरोली मोटार सुरू करणारा तो पहिला धाडसी पुरुष, त्याच्या जाण्याने कंपनी पोरकी झाली, असं सगळं ते चांगल्या शब्दांत बोलले. बोलताना त्यांचा गळाही दाटला. मला वाटतं तो खरोखरच दाटला असावा. ते भाषण नंतर छापूनही आलं. म्हणून मी हे लिहिते आहे. त्या सभेत जे सांगायचं राहिलं ते कुठेतरी छापलं जावं एवढीच इच्छा आहे.

भाऊ मराठी चौथीपर्यंत शिकला. वडील सागाची लाकडं बैलगाडीने आगगाडीच्या स्टेशनावर पोचवायचे, आणि भाऊला बैलांचा कंटाळा. तो घरातून पळून बल्लारपूरकडे एका लाकूड ठेकेदाराच्या ट्रकवर क्लीनर म्हणून राहिला, मार खात खात गाडी शिकला. लढाई संपल्यावर फौजेचे जुने ट्रक लिलावात निघाले, तेव्हा त्याने वहिनीचे दागिने आणि आमच्या आईचे शिव्याशाप, दोन्ही घेऊन एक ट्रक आणला. त्याच्यावर बाकं बसवली, छत घातलं, स्वतःच्या नावाने सरकारातून परमिट काढलं आणि मूलपासून वैनगंगेच्या घाटापर्यंत सर्व्हिस सुरू केली. पुढे दुसरी गाडी घेतली. पावसाळ्यात एक गाडी नदीच्या अल्याड आणि एक पल्याड ठेवायची, माणसं डोंग्यातून उतरवून घ्यायची. उन्हाळ्यात पात्र आटलं की रेतीवर बांबूचे तट्टे अंथरून गाडी पार न्यायची. तट्टे अंथरायला तो पॅसेंजरांनाही उतरवायचा, तहसीलदार असला तरी. "साहेब, रेतीले हुद्दा समजत नाई," असं म्हणायचा.

तो साधुसंत नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. गाडीत कोणी पान थुंकलं तर तो भर जंगलात गाडी थांबवून त्याला धोतराने पुसायला लावायचा. रागावला की वहिनीशी दोन दोन दिवस बोलायचा नाही. आणि त्याला मोठेपणाची हौस होती. कोणी 'ड्रायव्हर' म्हटलं की त्याचा चेहरा उतरायचा, आणि 'मालक' म्हटलं की तो त्या माणसाला पुढच्या सीटवर बसवायचा. ही हौस वकील भाऊजींना चांगली ठाऊक होती.

कंपनी काढायची कल्पना त्यांची. म्हणाले, दोन जुन्या गाड्यांवर किती दिवस काढणार? आरमोरीची लाइन मिळण्यासारखी आहे, नव्या गाड्या घ्याव्या लागतील, आणि ड्रायव्हरला कोणी भांडवल देत नाही, कंपनीला देतात. शेटजी रोकड घालतील, मी कायद्याचं बघतो आणि थोडी रोकड घालतो, तुमच्या गाड्या आणि परमिट. तिघे डायरेक्टर. भाऊने 'डायरेक्टर' हा शब्द तोंडात घोळवला आणि तिथेच तो फसला. त्या दिवाळीत मी मूलला होते. भाऊ अंगणात फेऱ्या मारत होता आणि मधेच थांबून म्हणायचा, "लिमिटेड! समजलं का तुले? म्हणजे कंपनी बुडाली तरी घरादारावर जप्ती नाई." वहिनी म्हणाली, "अन् कंपनी चालली तर?" तो हसला. त्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

नागपूरहून नोंदणीचा दाखला आला त्या दिवशी गावात पेढे वाटले. दाखल्याला काच बसवून हार घातला, कंपनीच्या नव्या ऑफिसात तो भिंतीवर लावला, आणि भाऊने त्याला देवाला करावा तसा नमस्कार केला. त्याच्या लेखी काम झालं होतं. खरं काम त्या दिवसापासून सुरू होत होतं. हे मी पुष्कळ पुढे, त्याच्याच तोंडून, शिकले. कंपनी नोंदली म्हणजे फक्त नाव पडलं. त्यानंतर डायरेक्टरांची पहिली सभा घ्यायची, तिची नोंद लिहायची, कोणाला किती शेअर द्यायचे ते ठरवायचं, त्याचा तक्ता सरकारात पाठवायचा, ज्याच्या त्याच्या हातात शेअरचे दाखले द्यायचे. रोकड न देता कोणी गाडी, जमीन, परमिट असं काही देऊन शेअर घेत असेल तर त्याचा लेखी करार करायचा आणि तो करारही सरकारात दाखल करायचा. नाहीतर ती वस्तू कंपनीची होते आणि देणाऱ्याचं काहीच उरत नाही. नोंदणीच्या अर्जावर सही करताना प्रत्येकाने एकेक शेअर घेतला होता, रीत म्हणून. भाऊच्या नावावर कायद्याने तेवढाच होता… एक.

वहिनीला कायदा माहीत नव्हता, पण तिला एवढं समजत होतं की आपल्या घरून काही गेलं तर त्याची पावती असावी. चुलीपुढे बसल्या बसल्या तिने विचारलं, "गाड्या देऊन राह्यले, तर त्यायच्यापासून काही लिहून घेतलं का?" भाऊ जेवता जेवता थांबला. त्याचा तो चेहरा मला आजही दिसतो. जणू तिने काही घाण शब्द उच्चारला होता. "जावयापासून लिहून घेऊ? उद्या ताईच्या घरी पाणी पेता येईल का मले?" वहिनी चुलीकडे वळली, मीही तो विषय सोडला. आमच्या घरात जावयाला पाटावर बसवून पंख्याने वारा घालतात. त्याला करार मागायचा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात जावई आहेत त्यांना सांगायला नको.

पण वकील भाऊजींनी स्वतः मात्र कागद मागितले, आणि तत्परतेने मागितले. परमिट कंपनीच्या नावावर करायचं म्हणून ते भाऊला घेऊन नागपूरला गेले, स्वतःच्या खर्चाने. गाड्यांची नोंद बदलली. भाऊ सह्या करत गेला. परत आल्यावर मोठ्या कौतुकाने सांगत होता, "भाऊजींनं मले मोठ्या हॉटेलात जेवू घातलं. साहेबाच्या समोर मले खुर्ची देली." कंपनीच्या फायद्याचं जे होतं ते सगळं महिन्याभरात झालं. भाऊच्या फायद्याचा एकच कागद होता, त्याच्याबद्दल भाऊजी म्हणायचे, "मागाहून करू. कुठे पळून चाललोय का आपण?"

डायरेक्टरांची पहिली सभा ठरली त्या दिवशी वैनगंगेला पूर आला. भाऊ पल्याडच्या काठावर अडकला. त्याच्या गाडीत एक अडलेली बाळंतीण होती, तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचवून तो घाटावर परत येईपर्यंत डोंगे बंद झाले होते. तो काठावर थांबून राहिला. सभा त्याच्यासाठी थांबली नाही. दोघे हजर असले की चालतं, असा नियम होता. त्या दोघांनी रोकडीचे शेअर वाटून घेतले, शेटजींचे शेटजींच्या नावे आणि भाऊजींचे आमच्या ताईच्या नावे. भाऊच्या गाड्यांचा विषय तो गैरहजर असल्यामुळे घेतला नाही. भाऊ परत आला तेव्हा त्याला सांगितलं, सभा झाली, सगळं ठीक आहे. त्याने विचारलंदेखील नाही. त्याला त्या बाळंतिणीला मुलगा झाल्याचं जास्त अप्रूप होतं.

तेव्हा भाऊजींच्या मनात काय होतं? मी यावर फार विचार केला आहे. मला वाटतं, त्या दिवशी त्यांच्या मनात लबाडी नव्हती. तो आळस होता, घरचाच माणूस म्हणून केलेली हयगय होती. लबाडी नंतर आली, जेव्हा त्या हयगयीचा उपयोग दिसला. आणि म्हणूनच मी त्यांना क्षमा करू शकत नाही. दरोडेखोर निदान रात्री जागतो, कष्ट घेतो. हे नुसते गप्प बसले.

कंपनी चालली. आरमोरीची लाइन मिळाली, नव्या गाड्या आल्या. भाऊ सगळ्या गाड्यांवर देखरेख करायचा, अजूनही मनात आलं की स्वतः चालवायचा, पगार घ्यायचा आणि स्वतःला मालक समजायचा. मग नवा कंपनी कायदा आला, त्याच साली आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, आणि शेटजींनी सगळे कागद नीट लावून घ्यायला नागपूरहून एका हिशेब तपासनिसाला बोलावलं. तो तरुण होता, मनाने सरळ होता. ऑफिसात बसून तो सभासदांची नावं मोठ्याने वाचत होता. भाऊ दारात उभा राहून हाताचं ग्रीस पुसत होता. शेटजींचं नाव आलं, ताईचं आलं, मग, "मारोतराव… एक शेअर." भाऊ मोठ्याने हसला. त्याला वाटलं नव्या माणसाची चूक झाली.

"एक नाई हो. गाड्या माझ्या, परमिट माझा. नीट पाहा."

तपासनीस म्हणाला, "गाड्या कंपनीच्या आहेत. तुम्ही दिल्यात, त्याबद्दल काही करार झाला होता का?"

भाऊने भाऊजींकडे बघितलं. भाऊजी चष्मा पुसत होते. म्हणाले, "तेव्हा राहून गेलं, मारोतराव."

"मंग आता करा."

"आता तसं एकट्याला करता येत नाही. सभेपुढे आणावं लागेल. शेटजींची संमती पाहिजे." आणि शेटजी खिडकीबाहेर बघत राहिले.

हे मला भाऊने पुढे कितीतरी वेळा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तो त्या चष्मा पुसण्यापाशी थांबायचा. "पुसतच होता, पुसतच होता… इतका का मळला होता तो?"

तिथून तो थेट ताईच्या घरी गेला. ताईने नेहमीसारखं ताट वाढलं. भाऊ ताटावर बसला पण हात लावला नाही. त्याने विचारलं, "ताई, तुझ्या नावावर शेअर आहे, तुले माहीत आहे का?" ताई म्हणाली, "मले त्यातलं काही समजत नाई रे. ते म्हणते तिथी मी सही करतो." खरंच असेल ते. आमच्या ताईने आयुष्यभर 'ते म्हणतात तिथे' सही केली. पण भाऊने पुढे विचारलं, "मंग मी म्हणतो तिथी करशील का एक?" तेव्हा मात्र ताई उठून आत गेली आणि बाहेर आली नाही. भाऊ भरलं ताट सोडून निघून आला. त्यानंतर त्याने त्या घराची पायरी चढली नाही.

मी त्याला चांद्याच्या दुसऱ्या एका वकिलाकडे नेलं. त्या वकिलाने ऐकून घेतलं आणि सांगितलं की दावा लावता येईल, अवघड आहे, पण साक्षीदार मिळाले तर आशा आहे. साक्ष कोणाची? ज्यांच्यासमोर बोलणं झालं होतं त्यांची. म्हणजे घरच्यांची. म्हणजे ताईची. भाऊ खुर्चीवरून उठला. बाहेर रस्त्यावर आल्यावर मला म्हणाला, "ताईले पिंजऱ्यात उभी करू? तो काळा कोटवाला तिले भलतंसलतं विचारंन, अन् ते पाहू मी?" मी त्याच्याशी भांडले. भर रस्त्यात भांडले. म्हटलं, तिने तुझा विचार केला का? तो म्हणाला, "तिनं नाई केला. म्हून मीबी नाई करू?" मला तेव्हा त्याचा राग आला आणि, खरं सांगते, अजूनही जात नाही. चांगुलपणाचाही एक माज असतो, आणि त्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते.

पुढच्या सभेत त्याला डायरेक्टर म्हणून पुन्हा निवडलं नाही. 'रोड सुपरवायझर'ची नोकरी देऊ केली, ती त्याने घेतली नाही. गावाबाहेर गडचिरोली रस्त्यावर एका मोहाच्या झाडाखाली टपरी टाकून तो गाड्या दुरुस्त करू लागला. त्यात गंमत अशी की कंपनीच्या गाड्या बिघडल्या की त्याच्याकडेच यायच्या. त्या गाड्यांच्या खोडी दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हत्या. तो गाडीखाली उताणा पडून काम करायचा आणि इतर गिऱ्हाइकासारखीच मजुरी घ्यायचा. एकदा मी तिथे होते तेव्हा शेटजींचा नवा मॅनेजर त्याला म्हणाला, "ए मिस्तरी, जरा लवकर कर." मी पुढे होणार होते. भाऊने गाडीखालूनच म्हटलं, "जाऊ दे. त्याले काय ठाऊक."

आता एक वेगळी गोष्ट सांगते. त्या काळात आरमोरीकडच्या ढिवरांनी तलावातल्या मासेमारीसाठी सोसायटी काढली. नोंदणी झाली, पाटी लागली, आणि त्यांनाही वाटलं काम झालं. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांच्यातले चार जाणते भाऊच्या टपरीवर आले. भाऊने पाना खाली ठेवला आणि दिवसभर त्यांच्याशी बोलत बसला. मी सुट्टीवर होते, मी ते ऐकलं. "पाटी लावली म्हणजे झालं असं समजू नका. पह्यली सभा घ्या. सगळ्यायले बोलावून घ्या, एखादा नदीपार असंन तर थांबा. जे ठरंन ते लिहा, अन् लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवा. ज्याले वाचता येत नाई त्याले दोनदा वाचून दाखवा. ज्यानं डोंगा देला, जाळं देलं, त्याचं त्याच दिवशी लिहून टाका. शेअरचा दाखला ज्याच्या त्याच्या हाती पडल्याशिवाय कोणाले अंगठा देऊ नका." मग त्याने विचारलं, "कमिटीत कोणाचा जावई आहे का?" त्यांच्यातला एक लाजून म्हणाला, "आहे जी, माझाच." भाऊ म्हणाला, "मंग त्याचा कागद सगळ्यायच्या आधी करा." ते सगळे हसले. भाऊ नाही हसला.

त्यांनी सांगितल्यासारखं केलं असावं, कारण ती सोसायटी चालली आहे. पहिल्या वर्षी ते त्याला मासे घेऊन आले आणि म्हणाले, तुम्ही आमचे सभासद व्हा. भाऊने त्यांचेच नियम काढायला लावले. सभासद ढिवर आणि तिथला रहिवासी पाहिजे, असं त्यात होतं. "नियमात नाई बसत," तो म्हणाला आणि मासे ठेवून घेतले.

स्वतःच्या कंपनीच्या वार्षिक सभेला मात्र तो दर वर्षी जायचा. त्याला कळलं होतं की एक शेअर असला तरी सभासदाला सभेतून उठवता येत नाही. त्या दिवशी तो टपरी बंद ठेवायचा, हात राखेने आणि रॉकेलने घासून घासून धुवायचा, धुतलेलं धोतर नेसायचा आणि कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसायचा. विरोध वगैरे नाही. नुसते प्रश्न. नवी गाडी कोणाकडून घेतली, जुनी कोणाला विकली, घाटावरचा नोकर का काढला. आणि प्रश्न नोंदीत लिहून घ्यायला लावायचा, शब्द चुकला तर दुरुस्त करायला लावायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "यातून काय मिळणार तुला?" तो म्हणाला, "काही नाई. पण त्यायले वर्षातून एक दिवस माझ्याकडं पाहावं लागते."

शेवटची भेट उन्हाळ्यात झाली. मला गाडीत बसवून द्यायला तो स्टँडवर आला होता, थकलेला वाटला. गाडी सुरू झाली तेव्हा त्याने इंजिनचा आवाज कान देऊन ऐकला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "व्हॉल्व्ह पाहून घे रे." माझ्याशी काही बोलला नाही. आमच्यात निरोपाचं बोलायची पद्धतच नव्हती.

तेराव्यानंतर वकील भाऊजी वहिनीकडे आले. मी होते. ते म्हणाले, कंपनीच्या ऑफिसात मारोतरावांचा मोठा फोटो लावायचा विचार आहे, त्यांच्या नावाने उन्हाळ्यात पाणपोई घालू. वहिनी ऐकत होती. मग त्यांनी एक छापील कागद काढला. तो एक शेअर ताईच्या नावावर करून द्यावा, म्हणजे वहिनीला उगाच सभांचा, सह्यांचा त्रास नको, बदल्यात काही रक्कम देता येईल. वहिनीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. वीस वर्षांत ती त्यांच्याशी थेट बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी बोलली.

"फोटो नका लावू. तो शेअर माझ्या नावावर करून द्या. कायद्यानं जसा होते तसा."

ते म्हणाले, "अहो वहिनी, तुम्हाला काय करायचाय तो?"

"त्यायनं काय केलं होतं?" ती म्हणाली.

मग मीच अर्ज लिहिला, मृत्यूच्या नोंदीचा उतारा जोडला, वहिनीचा वारसा लिहिला, पोच घेतली. एका शेअरसाठी गावात बोलणं नको असं शेटजींना वाटलं असावं, त्यांनी हरकत घेतली नाही. वहिनीचं नाव सभासदांत लागलं. आणि दिवाळीचा हिशेब मिटल्यावर वार्षिक सभेची सूचना तिच्या नावाने घरी आली. यमुनाबाई, अशी. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाने टपाल आलं होतं. तिने ते देवाजवळ ठेवलं नाही, पदराला बांधून ठेवलं.

ती सभा गेल्या आठवड्यात झाली. मी तिला ऑफिसापर्यंत पोचवायला गेले. दारात चपराशाने तिला अडवलं, "बाई, तुमी इथी बाकावर बसा, सही लागंन तेव्हा बोलावतो." वहिनी म्हणाली, "मी मेंबर आहो," आणि आत गेली. मला आत जाता येत नव्हतं, मी दाराशी उभी राहिले. लहानशी खोली आहे. टेबलापाशी शेटजी, भाऊजी, आणि भिंतीकडे तोंड करून ताई, तिला या वर्षी मुद्दाम आणली असावी. एक खुर्ची कपाटाजवळ रिकामी होती. वहिनी तिच्यावर बसली. कोणी सांगितलं नव्हतं, पण भाऊ तिथेच बसत असणार, कारण पाठीमागच्या चुन्यावर डोक्याच्या तेलाचा डाग होता. वहिनीने तो बघितला की नाही मला माहीत नाही. ती नीट टेकून बसली.

भाऊजींनी मागच्या वर्षाची नोंद वाचायला घेतली. ते भरभर वाचत होते, आणि मधेच त्यांचा आवाज अडखळला. पुढे वाचावं लागलंच. "श्री. मारोतराव यांनी विचारले की, कंपनीस दिलेल्या दोन गाड्या व परमिट यांबद्दल त्यांना शेअर का देण्यात आले नाहीत… याचे उत्तर पुढील सभेत देण्यात येईल, असे अध्यक्षांनी सांगितले." आणि ते लगेच पुढच्या विषयाकडे वळले.

वहिनी म्हणाली, "थांबा."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ताईनेही मान वळवली.

"पुढली सभा म्हणजे हीच ना?" वहिनी म्हणाली. "मंग सांगा."

वहिनी डोक्यावरचा पदर सारखा करून, हात मांडीवर ठेवून, वाट बघत बसली.